गुडघ्याच्या वाटीचं दुखणं आणि सहकारनगरातलं एक लहान फिजिओथेरपी क्लिनिक

पुण्यात अप्पा बळवंत चौकाजवळ एका प्रकाशकाकडे मी मुद्रितशोधनाचं काम करते. ऑफिस जुन्या वाड्यात, दुसऱ्या मजल्यावर. लाकडी जिना, उंच पायऱ्या, धरायला एक दोर. गेल्या वर्षी गणपतीच्या सुमारास हा जिना उतरताना उजव्या गुडघ्याच्या वाटीमागे कळ यायला लागली. चढताना कमी, उतरताना जास्त. दुपारभर खुर्चीत बसून उठले की पहिली चार पावलं लंगडत. बालगंधर्वला नाटक बघायला गेले तर मध्यंतरापर्यंत पाय कुठे लांब करू असं व्हायचं. पुढे कळलं की डॉक्टर मंडळी या लक्षणाला ‘सिनेमा पाहणाऱ्यांची खूण’ म्हणतात, इतकं ते नेहमीचं आहे.

माझं वय ३७. आईने तिळाचं तेल कोमट करून दिलं. सासूबाई म्हणाल्या, “वंगण संपत आलं असेल गं, जपून वाग.” मी जपून वागले. सगळ्यात आधी पर्वतीची टेकडी चढणं बंद केलं. दहा वर्षं रोज सकाळी त्या १०३ पायऱ्या चढत होते, त्या सुटल्याचं फार वाईट वाटलं.

दिवाळीनंतर हाडांच्या डॉक्टरांना दाखवलं. एक्स-रे स्वच्छ. त्यांनी मला उकिडवं बसायला लावलं, वाटीच्या कडेला बोट ठेवलं आणि विचारलं, “इथेच ना?” इथेच. नाव सांगितलं पॅटेलोफेमोरल पेन, म्हणजे वाटी आणि मांडीचं हाड यांच्यामधलं दुखणं, आणि फिजिओथेरपी लिहून दिली.

पहिलं ठिकाण घराजवळ म्हणून निवडलं. त्याचं नाव लिहीत नाही. दहा सीटिंगचं पॅकेज, ४,५०० रुपये आगाऊ. रोज तेच: शेक, मग जेल लावून अल्ट्रासाउंड, मग करंटच्या चकत्या. वीस मिनिटं पडून राहायचं. त्या वेळेपुरतं बरं वाटायचं, दुसऱ्या दिवशी ऑफिसच्या जिन्यावर कळ हजर. दहा दिवसांत एकानेही मला एक पायरी उतरून दाखवायला सांगितलं नाही. शेवटी आणखी दहा सीटिंग आणि गुडघ्याचा पट्टा सुचवला. पट्टा मी घेतला, ८५० रुपयांना. मांडी घालून बसलं की तो गुडघ्यामागे रुतायचा. महिनाभराने कपाटात गेला.

मग मी वाचायला बसले. दुसऱ्यांचा मजकूर ओळीओळीने तपासणं हाच माझा धंदा, पण स्वतःच्या गुडघ्याबद्दल एक ओळही वाचली नव्हती. या दुखण्यावर गेली कित्येक वर्षं नीट संशोधन झालंय आणि त्यातलं बरंचसं आपल्यासारख्या माणसालाही समजेल असं आहे.

१९८६ मध्ये जेनी मॅकॉनेल या ऑस्ट्रेलियन फिजिओथेरपिस्टने वाटीला चिकटपट्टी लावून ती आतल्या बाजूला ओढून धरायची पद्धत मांडली. मांडीचा आतला स्नायू कमी पडतो, वाटी बाहेर सरकते, अशी त्यामागची समजूत. हळूहळू लक्ष वर सरकलं, कमरेच्या आणि नितंबाच्या स्नायूंकडे. ते कमी पडले की मांडीचं हाड आत वळतं आणि वाटी ज्या खाचेत सरकते ती खाचच जागची हलते. मला हे पटायला वेळ लागला. दुखतं गुडघ्यात आणि व्यायाम कुल्ल्याचा?

पण कागद तेच सांगतात. या दुखण्यावर काम करणाऱ्या संशोधकांचं जे एकमताचं निवेदन २०१८ मध्ये ब्रिटिश जर्नल ऑफ स्पोर्ट्स मेडिसिनमध्ये आलं, त्यात कंबर आणि गुडघा या दोन्हींचे व्यायाम एकत्र करा असं म्हटलंय. यंत्रांच्या उपचारांची शिफारस नाही. अमेरिकन फिजिकल थेरपी असोसिएशनच्या २०१९ च्या मार्गदर्शक सूचना आणखी स्पष्ट आहेत: या दुखण्यासाठी अल्ट्रासाउंड, करंट, लेझर वापरू नका, स्नायूंत कोऱ्या सुया टोचू नका (ड्राय नीडलिंग), पट्टे देऊ नका. चिकटपट्टी चालेल, पण व्यायामाच्या जोडीने आणि चार आठवड्यांपर्यंतच. बुटातले तयार इनसोल सहा आठवड्यांपर्यंत. हे ‘पर्यंत’ मी दोनदा वाचलं. माझे साडेचार हजार नेमके ‘वापरू नका’च्या यादीत गेले होते. पैशांपेक्षा हातचे गेलेले महिने जास्त लागले मनाला.

ऑपरेशनचाही अभ्यास झालाय. फिनलंडमध्ये ५६ रुग्णांपैकी निम्म्यांना दुर्बिणीची शस्त्रक्रिया आणि व्यायाम, निम्म्यांना नुसते व्यायाम दिले. २००७ मध्ये निकाल आला तेव्हा दोन्ही गटांत फरक नव्हता. माझ्या मावसबहिणीला एकाने दुर्बिणीने ‘साफ करून’ घ्यायला सांगितलंय, तिला मी हे फोनवर वाचून दाखवलं.

हे वाचून झाल्यावर मी फोन करून करून क्लिनिक शोधलं. सगळीकडे एकच प्रश्न विचारला: “वाटीच्या दुखण्याला तुम्ही काय करता?” चार ठिकाणी आधी पॅकेजचा दर सांगितला. सहकारनगर नंबर दोनमधल्या एका बाईंनी मलाच विचारलं, “उतरताना दुखतं की चढताना?” तिथे गेले.

एका बंगल्याच्या तळमजल्यावरची एकच खोली. पलंग, आरसा, लाकडी ठोकळे, रबरी पट्टे. डॉक्टर तिशीच्या आतबाहेर असतील. पहिल्या भेटीचे ७०० रुपये, पाऊण तास. त्यातला अर्धा वेळ नुसते प्रश्न: किती जिने, किती वेळ बसता, पर्वती का सोडली. मग मला आरशासमोर वीतभर उंचीच्या ठोकळ्यावर उजव्या पायावर उभं केलं आणि डावी टाच सावकाश जमिनीला टेकवायला सांगितली. “माझ्याकडे बघू नका ताई, गुडघ्याकडे बघा.”

बघितलं. टाच खाली जायला लागली तसा गुडघा आत कलंडला, अंगठ्याच्याही पलीकडे, आणि थरथरत राहिला. नेमकी तिथेच कळ आली. मग त्यांनी दोन बोटं माझ्या कमरेच्या बाजूला ठेवली आणि म्हणाल्या, “इथून धरा.” मी कसंबसं धरलं. गुडघा सरळ राहिला, कळ निम्म्याने कमी. वंगण, झीज, वय हे सगळे शब्द त्या क्षणी माझ्या डोक्यातून गेले. जे दुखत होतं ते मला डोळ्यांनी दिसत होतं आणि थोडं माझ्या हातातही होतं.

व्यायाम साधेच. कुशीवर झोपून पाय वर उचलणं, गुडघे दुमडून शिंपला उघडावा तसे उघडणं, पाठीवर झोपून कंबर उचलणं, भिंतीला टेकून अर्धं बसणं, आणि ठोकळ्यावरून उतरणं. आठवड्यातून तीन दिवस, पंचवीस मिनिटं. दुखण्याला दहापैकी गुण द्यायचे: तीनपर्यंत चालू ठेवा, वर गेलं तर कमी करा, थांबू नका. एवढा एकच नियम मला कुणी सहा महिने आधी सांगायला हवा होता. दुखलं की थांबायचं, हेच मी करत आले होते. पहिले तीन आठवडे त्यांनी चिकटपट्टी लावली, मग स्वतःहून बंद केली. मी कागद वाचून आलेय म्हटल्यावर त्यांना राग आला नाही. उलट म्हणाल्या, “छान, मग कंटाळा आल्यावर तुम्हाला जास्त समजवावं लागणार नाही.”

कंटाळा आला. पाचव्या आठवड्यात काहीच फरक वाटेना. मार्च अखेर, कामाचा ढीग, दोन दिवस बुडाले. फोन केला तर त्यांनी व्यायाम वाढवले नाहीत, कमी केले, पण सोडू दिले नाहीत. आठव्या आठवड्यात एकदा ऑफिसचा जिना उतरून खाली आले आणि रस्त्यावर आल्यावर लक्षात आलं की दोर धरलाच नव्हता.

बारा आठवड्यांत सहा भेटी, एकूण ३,२०० रुपये. आता पर्वती आठवड्यातून चार दिवस. लग्नाच्या हॉलमध्ये तासभर मांडी घातली की अजून जाणवतं, उकिडवं बसून फरशी पुसायची माझी हिंमत नाही. दुखणं शंभर टक्के गेलं असं मी लिहिणार नाही. वैद्यकीय चाचण्या एकत्र तपासणाऱ्या कॉक्रन या संस्थेचा व्यायामावरच्या ३१ चाचण्यांचा आढावा २०१५ मध्ये आला, तोही सांगतो की फायदा दिसतो, पण पुरावा अजून कच्चा आहे. आणि नेदरलंड्स व ऑस्ट्रेलियातल्या दोन मोठ्या चाचण्यांमधल्या लोकांना पाच ते आठ वर्षांनी पुन्हा विचारलं, तेव्हा ज्यांनी उत्तर दिलं त्यातल्या ५७ टक्के लोकांना समाधानकारक बरं वाटत नव्हतं. उपचार सुरू होण्याआधी वर्षाहून जास्त काळ अंगावर काढलेल्यांचं जास्त वाईट. म्हणून एवढं पोटतिडकीने लिहितेय. तेल लावत, जपत बसू नका. गुडघा सुजत असेल, अडकत असेल किंवा पडल्यावर दुखायला लागला असेल तर मात्र आधी हाडांच्या डॉक्टरांकडेच जा, तो प्रकार वेगळा.

क्लिनिकच्या दोन उणिवा. व्यायाम कागदावर लिहून मिळत नाहीत, मी स्वतः चित्रं काढून घेतली. साठीच्या पुढच्या माणसाला ते कसं जमणार? त्यांना मी हे सांगितलंय. आणि संध्याकाळी सहानंतरची वेळ आठवडाभर आधी मागावी लागते. सकाळी साडेआठला गेलात तर बाहेर गाडी लावायला जागा मिळते, आणि त्या वेळी खोलीत दुसरं कुणी नसतं.