सायकल कॉम्प्युटर चांगला, माहितीपुस्तिका अपुरी

गेले तीन महिने मी हा सायकल कॉम्प्युटर आणि त्यासोबतचे वेग व केडन्स (मिनिटाला पेडलचे किती फेरे होतात तो आकडा) मोजणारे दोन सेन्सर वापरत आहे. तुळजापूर रस्त्यावरच्या दुसऱ्याच फेरीत पडद्यावर केडन्सच्या जागी नुसत्या दोन आडव्या रेघा उमटल्या. बॅटरी संपली असेल म्हणून नवी पेठेतून सीआर२०३२ सेल आणून बसवला, तरी फरक पडला नाही; शेवटी लक्षात आले की सेन्सर ब्लूटूथवरून माझ्या मोबाइललाच जोडला गेला होता, आणि असा सेन्सर बहुधा एका वेळी एकाच उपकरणाशी जोडला जातो. मोबाइलमधली जोडणी काढून क्रँक (पेडल जोडलेला दांडा) चार-पाच वेळा फिरवताच आकडे आले, कारण हे सेन्सर हालचालीनेच जागे होतात.

वेग मात्र किंचित कमीच दिसे. तो दोष माझाच: २५ऐवजी २८ मिलिमीटरचे टायर चढवूनही कॉम्प्युटरच्या सेटिंगमध्ये चाकाचा परीघ २१०५ मिलिमीटरच ठेवला होता. तो २१३६ केल्यावर सुमारे दीड टक्क्याची तूट भरून निघाली आणि अंतर रस्त्यावरच्या किलोमीटरच्या दगडांशी जुळू लागले.

यातले काहीही पुस्तिकेत नाही, ही माझी मुख्य तक्रार. क्रँकवरचा रबरी पट्टाही सोलापूरच्या उन्हात सैल पडला असून सध्या तिथे प्लास्टिकचा केबल टाय आहे.