जपान रेल पास, १४ दिवसांचा: बहुतेकांनी घेऊ नये

पुण्यात कुणी दोन आठवड्यांच्या जपान सहलीचा विषय काढला, की पहिला सल्ला येतो तो रेल पास घेण्याचा, म्हणजे एकदाच पैसे भरून ठरावीक दिवस जेआरच्या (जपान रेल्वेच्या) गाड्यांतून हवं तितकं फिरायचा. ऑक्टोबर २०२३ पूर्वी हा सल्ला अगदी रास्त होता. तेव्हा १४ दिवसांचा साध्या वर्गाचा पास ४७,२५० येनला मिळायचा. त्या महिन्यात त्याची किंमत ८०,००० येन झाली आणि ७ दिवसांचा पास २९,६५० वरून ५०,००० वर गेला. एका येनला ५५ ते ६० पैसे धरले तर १४ दिवसांच्या पासचे माणशी ४४ ते ४८ हजार रुपये होतात. नीट आखलेल्या सहलीत तेवढा रेल्वे प्रवास घडतच नाही, हीच खरी अडचण.

हिशेब मांडून बघा. तोक्यो ते क्योतो शिंकान्सेनचं (बुलेट ट्रेनचं) राखीव तिकीट सुमारे १४,००० येन, क्योतो ते हिरोशिमा साधारण ११,५०० आणि हिरोशिमाहून थेट तोक्यो १९,५०० च्या आसपास. पहिल्यांदा जाणारे बहुतेक जण हीच फेरी करतात आणि ती ४५,००० येनमध्ये संपते. म्हणजे १४ दिवसांचा पास सोडाच, ७ दिवसांचाही वसूल होत नाही. उरलेले दिवस शहरांत फिरण्यात जातात आणि तिथे हा पास फारसा कामाचा नाही. तोक्योची मेट्रो, ओसाकाची मेट्रो, क्योतोच्या सिटी बस यांतलं काहीच त्यात येत नाही. हाकोनेला नेणारी ओदाक्यू रेल्वे खासगी आहे, शिराकावा-गोला बसने जावं लागतं. यासाठी सुइका किंवा इकोका कार्डात पैसे भरून ठेवावे लागतात, ते वेगळेच.

आणखी एक मेख नोझोमी या शिंकान्सेन गाड्यांची. सगळ्यात वेगवान आणि सगळ्यात जास्त फेऱ्या असलेली हीच गाडी, पण पासधारकाला तिच्यासाठी वेगळा अधिभार भरावा लागतो. तोक्यो ते क्योतो ४,९६० येन. तो टाळायचा तर हिकारी ही थोडी हळू गाडी धरावी लागते. ती क्योतोला अडीच तासांच्या थोडं वर घेते, नोझोमी सव्वादोन. वेळेचा फरक किरकोळ आहे, पण हिकारी तासाला दोनच, त्यामुळे चौघांना शेजारी जागा हव्या असतील तर आरक्षण लवकर करावं लागतं.

पैसे वाचवायची खरी जागा म्हणजे विमानाचं तिकीट. पुण्याहून जपानला थेट विमान नाही, बहुतेकदा मुंबई किंवा दिल्ली गाठावी लागते. तिकीट शोधताना 'राउंड ट्रिप' ऐवजी 'मल्टी-सिटी' निवडा: जाताना तोक्यो, परतताना ओसाकाचा कान्साई विमानतळ. हिरोशिमाहून तोक्योला परतायचा १९,५०० येनचा फेरा तिथेच वाचतो, जवळजवळ एक दिवसही हाती लागतो. मग तोक्यो–क्योतो हे एकच तिकीट सुटं काढायचं (उजवीकडची ई खिडकी घ्या, आकाश स्वच्छ असेल तर फुजी दिसतो) आणि शेवटच्या ५ दिवसांसाठी जेआर वेस्टचा कान्साई-हिरोशिमा पास घ्यायचा.

हा पास १७,००० येनचा आणि आमच्या मते या मार्गावर सर्वांत चोख. शिन-ओसाका (ओसाकाचं शिंकान्सेन स्थानक) ते हिरोशिमा जाऊन-येऊनच २१,००० येनच्या आसपास लागतात. शिवाय या टप्प्यात नोझोमी अधिभाराशिवाय चालते. नारा, हिमेजी, मियाजिमा बेटाची जेआर फेरीबोट आणि परतीच्या दिवशी कान्साई विमानतळाला जाणारी हारुका गाडी, हे सगळं त्यात आलं. एक गोष्ट हमखास चुकते: क्योतो ते शिन-ओसाका या तुकड्यावर या पासवर शिंकान्सेन चालत नाही. तिथे शिन्काइसोकु ही साधी जलद लोकल घ्यायची, पाऊण तासही लागत नाही.

या पासात ओकायामाही येतं आणि पुण्याच्या माणसाने ते चुकवू नये. सिंहगड रस्त्यावरचं पु. ल. देशपांडे उद्यान ज्या कोराकुएन बागेच्या धर्तीवर उभं आहे, ती मूळ बाग इथे आहे. शिन-ओसाकाहून पाऊण तास. सकाळी बाग, दुपारी पुढच्याच टप्प्यावरचं कुराशिकी, संध्याकाळी हिरोशिमा, असा दिवस आरामात बसतो.

मग १४ दिवसांचा पास कुणाला? एकाच सहलीत उत्तरेला हाकोदाते आणि दक्षिणेला कागोशिमा गाठणाऱ्याला. तोक्यो–हाकोदाते जाऊन-येऊन ४६,००० येनच्या पुढे जातं, कागोशिमाचं त्याहून बरंच जास्त, तिथे पास नक्की फायद्याचा. पण लहान मुलं किंवा वयस्कर मंडळी बरोबर असतील तर असा मार्ग आखू नये. निम्मी सहल गाडीतच जाईल.

घ्यायचाच ठरला तर जेआरच्या अधिकृत संकेतस्थळावरूनच घ्या, कारण जागांचं आरक्षण ऑनलाइन करता येतं. एजंटकडून मिळतं ते बदली-पत्र. ते घेतल्यापासून ३ महिन्यांत जपानमध्ये बदलावं लागतं आणि तोवर आरक्षण होत नाही. पासचे दिवस सलग मोजले जातात, तेही तारखेप्रमाणे. रात्री नऊला सुरू केलात तरी पहिला दिवस गेला. पास हरवला तर दुसरा मिळत नाही.

बॅगेची लांबी, रुंदी, उंची मिळून १६० सेंमीपेक्षा जास्त असेल तर तोकाइदो (तोक्यो–ओसाका) आणि सान्यो (ओसाकाहून पुढे हिरोशिमाकडे) शिंकान्सेनमध्ये मोठ्या सामानाची जागा जोडलेलं आसन आधी राखून ठेवावं लागतं. नाहीतर १,००० येन शुल्क. चेक-इनची मोठी बॅग या मापाबाहेर जाऊ शकते, घरीच टेप लावून बघा.

तारखांचंही बघायला हवं. मे महिन्याची सुट्टी आपल्याला सोयीची, पण २९ एप्रिल ते ५ मे हा तिथला गोल्डन वीक, म्हणजे सुट्ट्यांचा आठवडा. त्या गर्दीत नोझोमीचे सगळे डबे आरक्षित असतात. ७ मेनंतर निघा आणि जूनच्या पावसाआधी परता. ई-व्हिसा मिळाला असेल तर विमानतळावर तो इंटरनेट चालू असलेल्या फोनवर उघडून दाखवावा लागतो. स्क्रीनशॉट किंवा पीडीएफ चालत नाही. म्हणून सिम किंवा ई-सिम निघण्याआधीच घेऊन ठेवा.