पस्तीस, पन्नास की पंच्याऐंशी? गोव्यातल्या लग्नांसाठी पहिली प्राइम लेन्स

तुळशीचं लग्न, म्हणजे आमची व्हडली दिवाळी, जवळ आली की मला फोन यायला लागतात. फोंड्याचा नाहीतर डिचोलीचा कोणीतरी नवा पोरगा असतो, कॅमेऱ्यासोबत आलेल्या किट लेन्सवर दोन-तीन लग्नं केलेली असतात, हातात थोडे पैसे आलेले असतात. प्रश्न ठरलेला: "दादा, पहिली प्राइम कुठली घेऊ?" प्राइम म्हणजे झूम न होणारी लेन्स; तिच्या नावातला मिमीचा आकडा जितका मोठा, तितकं लांबचं जवळ दिसतं. मी उलट विचारतो, "तुझी लग्नं कुठे असतात? देवळाच्या हॉलात, चर्चमध्ये की बीचवर?" त्याला वाटतं, हा उत्तर टाळतोय. त्याला एफ १.४ आणि एफ १.८ मधला फरक ऐकायचा असतो, म्हणजे लेन्सचं अ‍ॅपर्चर (तोंड) किती उघडतं ते; आकडा लहान तितका उजेड जास्त. पण माझ्या मते आधी बघायचं ते उभं राहायला जागा किती मिळणार ते. उजेडाचा विचार त्यानंतर.

थोडं गणित करू. जोडपं पायापासून डोक्यापर्यंत, वर-खाली जरा मोकळी जागा सोडून, म्हणजे सव्वादोन मीटर उंचीची फ्रेम धरा. कॅमेरा उभा धरला तर फुल फ्रेम (३६ बाय २४ मिमी सेन्सरच्या) बॉडीवर ३५ मिमीला तुम्ही त्यांच्यापासून साधारण २.२ मीटरवर असता. ५० मिमीला ३ मीटरच्या थोडं मागे जावं लागतं, ८५ मिमीला ५.३ मीटर आणि १३५ मिमीला जवळजवळ साडेआठ मीटर. आता तुम्ही शेवटचं केलेलं लग्न आठवा आणि मांडवात पाठीमागे पाच मीटर मोकळे कधी होते ते स्वतःलाच विचारा.

मंगेशी, म्हार्दोळ, रामनाथी, कवळे या पट्ट्यात देवळांच्या हॉलांत जी लग्नं लागतात, तिथे उत्तर बहुतेक वेळा "कधीच नव्हते" असंच असतं. समोर भटजी, होमकुंड, मामा, करवली. बाजूला व्हिडिओवाला गिंबल घेऊन गोल गोल फिरतोय. आणि त्या सगळ्यांच्या मध्ये हात लांब करून मोबाइल धरलेले निम्मे वऱ्हाडी. तुमच्या वाट्याला येते ती दोन-अडीच मीटरची फट. तीसुद्धा भटजी "मातसो फाटीं सर रे" (जरा मागे सर रे) म्हणेपर्यंतच.

म्हणून हिंदू लग्नं जास्त करणाऱ्याला मी बिनधास्त ३५ सांगतो. एक क्षण घ्या. शेवटचं मंगलाष्टक संपतंय, दोघंजण अंतरपाट धरून उभे आहेत, नवरी खाली बघतेय, नवऱ्याच्या हातातला हार किंचित थरथरतोय. "सावधान" म्हटलं की अंतरपाट उत्तरेकडे सरकतो आणि एकदम अक्षतांचा पाऊस. हे सगळं तीन-चार सेकंदांत होतं. ३५ ने दोघांचे चेहरे, मधला अंतरपाट, हवेतल्या अक्षता आणि मागे डोळे पुसणारी आई, सगळं एका फोटोत बसतं. तिथेच ८५ असेल तर एकच चेहरा मिळतो आणि कोणाचा घ्यायचा हे ठरवेपर्यंत अक्षता जमिनीवर पडलेल्या असतात. ८५ वाल्याचा फोटो जास्त देखणा येईल, हे मान्य. पण अल्बममध्ये त्या पानावर तेवढाच असेल तर नवऱ्याकडची माणसं विचारणारच, आमचा मुलगा कुठाय?

३५ चे दोष लपवत नाही. फ्रेमच्या कडेला जे उभे राहतात ते रुंद दिसतात. ग्रुप फोटोत टोकाला उभी राहिलेली मावशी फोटो बघून तुमच्याशी बोलायची बंद होऊ शकते, माझ्याशी झालीय. उपाय सोपा आहे: ग्रुपला तीन मीटरच्या आत जाऊ नका आणि कडेला थोडी जागा मोकळी ठेवा. पाच मीटरवरून ३५ ला आडव्या फ्रेममध्ये पाच मीटरहून किंचित जास्त रुंदी मिळते, म्हणजे दोन रांगांत बऱ्यापैकी कुटुंब बसतं. नुसत्या चेहऱ्याचा क्लोजअप मात्र ३५ ने जवळ जाऊन काढू नका. नाक आधी पोचतं.

याउलट एक गोष्ट ३५ ला ८५ पेक्षा फार छान जमते आणि लोक तिचा विचारच करत नाहीत. चुडा भरतानाचे हात, मंगळसूत्राच्या वाट्या, अंगठ्या. कॅननची आरएफ ३५ एफ १.८ मॅक्रो १७ सेंटिमीटरपर्यंत जवळ फोकस करते आणि वस्तू निम्म्या आकारात सेन्सरवर उतरवते. सोनीची एफई ८५ एफ १.८ ऐंशी सेंटिमीटरच्या आत फोकसच धरत नाही. चुडा भरायला बसलेल्या घोळक्यात ऐंशी सेंटिमीटर म्हणजे मध्ये दोन काकू आल्या.

आता ८५. ही लेन्स मला सगळ्यांत जास्त आवडते आणि तरीही पहिली म्हणून मी ती फक्त दोन प्रकारच्या लोकांना सुचवतो: ज्यांची बहुतेक कामं चर्चमध्ये असतात आणि जे बीच वेडिंग करतात. चर्चमध्ये फादर सुरुवातीलाच सांगतात, अल्तारकडे (वेदीकडे) यायचं नाही, फ्लॅश नाही. तुम्ही बाजूला खांबाजवळ उभे, नवरा-नवरी पाच-सहा मीटरवर. म्हणजे ८५ ला जेवढं अंतर लागतं, बरोबर तेवढंच. पणजीच्या इमॅक्युलेट कन्सेप्शन चर्चच्या पांढऱ्या पायऱ्यांवर खालून वर जोडपं घ्यायचं असेल तरी हीच. बाणावली-केळशीच्या किनाऱ्यावर तर मागे जायला अख्खा समुद्रकिनारा मोकळा, आणि मागच्या छत्र्या, शॅकच्या खुर्च्या, फिरणारे टुरिस्ट यांना ८५ अशी विरघळवून टाकते की ते तिथे होते असं वाटतच नाही.

पण ८५ ला जी धार असते तीच कधी कधी आपल्याला कापते. दीड मीटरवरून एफ १.४ ला ८५ ची फोकसमधली खोली साधारण अडीच सेंटिमीटर असते. पुढचा डोळा धारदार, मागचा कान गेला. हे मी पुस्तकातून नाही शिकलो. माझ्या पहिल्या मोठ्या कामात नवऱ्याचे साठ-सत्तर पोर्ट्रेट काढले, कॅमेऱ्याच्या स्क्रीनवर सगळे झकास दिसले. घरी कॉम्प्युटरवर उघडले तर मुंडावळीचा एकेक मोती मोजता येत होता आणि डोळे मात्र झोपेतून उठल्यासारखे. ऑटोफोकसने डोळ्याऐवजी पुढे लोंबणारी मुंडावळी धरली होती. आजच्या मिररलेस कॅमेऱ्यांचा आय-फोकस बराच हुशार झालाय, तरीही मुंडावळ्या असतील तोपर्यंत मी ८५ ला एफ २.८ च्या खाली उतरवत नाही. म्हणजे मुंडावळ्यांच्या वेळी एफ १.४ साठी मोजलेले पैसे पिशवीतच राहतात.

५० बद्दल थोडक्यात. स्वस्त असते, हलकी असते, आणि देवळाच्या हॉलात थोडी लांब, चर्चमध्ये थोडी आखूड पडते. घरातल्या हळदीला, देवकार्याला, जुन्या घराच्या राजांगणात बसलेल्या आजीला ती मस्त. पणजीतल्या फोंतेन्हास या जुन्या वस्तीच्या गल्लीत प्री-वेडिंगलाही चालते, तिथे ८५ घेऊन मागे सरकायला गेलात तर कोणाच्या तरी दारात जाल, आणि तिथली माणसं फोटोवाल्यांना आधीच वैतागलेली आहेत. बजेट खरंच तोकडं असेल तर ५० एफ १.८ घ्या, त्यात लाज कसली. पण "मधली आहे म्हणून दोन्हीकडे चालेल" या हिशोबाने घेऊ नका.

आता तो एफ नंबरचा वाद. एफ २.८ च्या झूमवर हॉलातल्या ट्यूबलाइटखाली आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) ६४०० लागत असेल, तर त्याच शटर स्पीडला एफ १.८ वर २५०० च्या आसपास पुरतो आणि एफ १.४ वर १६००. म्हणजे झूमवरून १.८ वर आलात तिथेच मोठी उडी झाली. १.८ ते १.४ ही पुढची पायरी त्यामानाने लहान आहे, पैसे मात्र दुप्पट-तिप्पट. एफ १.२ ची गोष्टच सोडा. कॅननची आरएफ ५० एफ १.८ भरते १६० ग्रॅम आणि एफ १.२ भरते ९५० ग्रॅम. किंमत साधारण दहापट. निकॉनमध्ये ८५ एफ १.८ चं वजन ४७० ग्रॅम, एफ १.२ चं ११६०. सकाळच्या मुहूर्तापासून रात्रीच्या रिसेप्शनपर्यंत हे मनगटावर वागवायचं असतं, त्यात मे महिना असला तर बोलायलाच नको.

एक गंमत बीचवरची. भर दुपारच्या उन्हात आयएसओ १०० ला एफ १.८ वापरायची तर शटर १/८००० च्या घरात जातो, बऱ्याच बॉडींची मेकॅनिकल शटरची मर्यादा तेवढीच. एफ १.४ ला तेही पुरत नाही, एनडी फिल्टर लावावाच लागतो. म्हणजे जी लेन्स उजेड खेचायला घेतली तिच्यासमोर वर काळी काच लावायची. डिसेंबरात सूर्य सहाच्या सुमारास बुडतो, शेवटची वीस-पंचवीस मिनिटं सोन्यासारखी असतात, आणि त्या वेळी एफ १.८ पुरून उरते.

हॉलात उलटा त्रास. मोठं अ‍ॅपर्चर मिळालं की शटर १/५०० वर न्यायचा मोह होतो, आणि मग स्टेजच्या एलईडीमुळे फोटोत आडवे काळपट पट्टे येतात. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची, दिवे सेकंदाला शंभर वेळा लुकलुकतात. १/१०० वर राहिलात तर बहुतेक वेळा वाचता. सायलेंट (इलेक्ट्रॉनिक) शटर तर हॉलात बंदच ठेवा.

मग मी स्वतः काय घेईन? देवळाच्या हॉलातली लग्नं जास्त असतील तर आधी ३५ एफ १.८, दुसऱ्या सीझनला ८५ एफ १.८. चर्च आणि रिसॉर्ट जास्त असतील तर हाच क्रम उलटा. दोन बॉडी असतील तर दोन्ही लेन्स दोन खांद्यांवर आणि मध्ये बदलाबदली नाही. एफ १.४ घ्यायचीच असेल तर ती ३५ मध्ये घ्या, ८५ मध्ये नको. ३५ ला मोठ्या अ‍ॅपर्चरवरही फोकसची खोली पुरेशी मिळते: दोन मीटरवर एफ १.८ ला साधारण पस्तीस सेंटिमीटर, दीड मीटरवर एफ १.४ ला पंधरा. म्हणजे जादा दिलेले पैसे खऱ्या वापरात येतात. क्रॉप (लहान) सेन्सरवाल्यांनी लेन्सचे मिमीचे आकडे दीडने भागून वाचावेत. ३५ च्या जागी २३-२४, ८५ च्या जागी ५६. सिग्माची ५६ एफ १.४ फक्त २८० ग्रॅमची आहे आणि तिथे मी १.४ ला नाही म्हणत नाही, कारण क्रॉपवर तिची खोली फुल फ्रेमच्या एफ २ सारखी पडते.

झूम विकू नका, एवढं मात्र ऐका. वरात दारात येते तेव्हा बँड, नाचणारे मित्र, ओवाळणारी सवाष्ण, सगळे एकमेकांत. तिथे २४-७० सारखी लेन्स नाही.

राहिली आपली हवा. रिसॉर्टच्या एसी खोलीत नवरीची तयारी काढून तसाच बाहेर लॉनवर गेलात की काच धुक्याने भरते आणि पाच-दहा मिनिटं काही दिसत नाही. त्या दहा मिनिटांत माझा एक नवरा घोड्यावरून उतरून आतही गेला. तेव्हापासून बाहेर पडायच्या अर्धा तास आधी एक बॅग बाहेर व्हरांड्यात ठेवतो, माणूस बसवून. वाळूवर लेन्स बदलायची नाही, कितीही घाई असली तरी. माउंटवर रबरी सील असलेली लेन्स घेता आली तर घ्या. कॅननच्या स्वस्त ५० ला ते नाही, हे लक्षात ठेवून वापरा.

आणि पावसाळा. चातुर्मासात लग्नं नसतात म्हणून लेन्स बॅगेत घालून कपाटावर ठेवली की ऑक्टोबरात काचेवर बुरशी फुललेली. माझी एक ५० अशीच गेली. ड्राय कॅबिनेट ४० ते ५० टक्के आर्द्रतेवर ठेवा, नाहीतर निदान घट्ट झाकणाचा प्लास्टिकचा डबा, सिलिका जेल आणि आत दीड-दोनशे रुपयांचा आर्द्रता मीटर. सेकंड हँड लेन्स घ्यायला जाल तेव्हा अ‍ॅपर्चर पूर्ण उघडून मागून मोबाइलचा टॉर्च मारा आणि पुढून तिरकं बघा. धुळीचे चार कण दिसले तर हरकत नाही. कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक धागे दिसले, तर मालक किंमत कितीही खाली आणो, ती त्याच्याच टेबलावर ठेवून या.