असेंबल्ड कॉम्प्युटर, नऊ महिन्यांनंतर: प्रोसेसर नंतर बघा, आधी एसएमपीएस आणि अर्थिंग

गेल्या जूनमध्ये माझा जुना ब्रँडेड टॉवर बंद पडला. २०१७ साली घेतलेला, आठ वर्षं रोज दहा तास चाललेला. बटण दाबलं की दिवा एकदा लुकलुकायचा आणि विझायचा. मी सांगलीत डीटीपीचं, म्हणजे छपाईसाठी पानं लावून द्यायचं काम करते. लग्नपत्रिका, शाळांचे अहवाल, कवितासंग्रह आणि पावसाळा लागला की दोन दिवाळी अंक. अंकाचा मजकूर यायला सुरुवात झाली होती आणि टेबलावरचं मशीन मेलेलं.

दुरुस्तीवाल्यानं उघडून दहा मिनिटांत सांगितलं, एसएमपीएस (भिंतीतली वीज कॉम्प्युटरला लागेल तशी करून देणारा डबा) गेलाय, बाकी सगळं ठीक आहे. मला हायसं वाटलं. एसएमपीएस काय, बाजारात कुठंही मिळतो. पण या टॉवरच्या मदरबोर्डाला नेहमीचा २४ पिनांचा कनेक्टरच नव्हता. कंपनीनं स्वतःचा वेगळा बसवलेला, त्यातून फक्त १२ व्होल्ट जाणार आणि डबाही वेगळ्या मापाचा. सर्व्हिस सेंटरला फोन केला, तर या मॉडेलचे पार्ट आता येत नाहीत, म्हणाले. दुसरीकडे कुठं मिळेल विचारलं, तर नवीन मशीनचं कोटेशन पाठवू का, असा उलटा प्रश्न. प्रोसेसर चांगला, रॅम चांगली, डिस्क चांगली आणि दोन-तीन हजारांच्या एका डब्यापायी अख्खं मशीन कपाटात. हे मला अजून सहन होत नाही.

तेव्हाच ठरवलं, नवा घेईन तो असेंबल्डच, सुटे भाग घेऊन जोडलेला. प्रत्येक भाग कुठल्याही दुकानात मिळणारा हवा.

तरी कोटेशन दोन्हीकडून मागवली. ब्रँडेड टॉवर ६८,००० रुपये: १६ जीबी रॅम, ५१२ जीबी एसएसडी, विंडोज आत आणि तीन वर्षं घरी येऊन दुरुस्ती. असेंबल्डचा हिशेब असा: रायझन ५ ७६०० प्रोसेसर १७,४००, बी६५० चिपसेटचा बोर्ड ११,९००, ३२ जीबी डीडीआर५ रॅम ८,६००, १ टीबी एनव्हीएमई एसएसडी ५,६००, ५५० वॉटचा ब्राँझ एसएमपीएस ४,३००, कॅबिनेट ३,४००. एकूण ५१,२००. लोक इथंच हिशेब थांबवतात आणि सतरा हजार वाचले म्हणतात. विंडोजचं अस्सल लायसन्स यात नाही. ते धरलं की मशीन ६२,००० च्या घरात गेलं. म्हणजे वाचले सहा हजार, वर रॅम आणि डिस्क दुप्पट. मोठी बचत होईल म्हणून कोणी असेंबल करायला जाऊ नये.

कामाचा वेग, त्यावर फार लिहीत नाही. ७६०० हा सहा कोअरचा प्रोसेसर आहे आणि डीटीपीला तो भरपूर होतो. पानं लावायचं सॉफ्टवेअर इनडिझाइन बहुतेक वेळ एकाच कोअरवर चालतं, त्यामुळे बारा-सोळा कोअरसाठी जास्तीचे पैसे देऊन आमच्या धंद्यात उपयोग नाही. ग्राफिक्स प्रोसेसरमध्येच आहे, वेगळं कार्ड घेतलं नाही. फक्त नावाच्या शेवटी ‘एफ’ असलेला प्रोसेसर घेऊ नका, त्यात ग्राफिक्स नसतं. श्रीलिपी या मराठी फॉन्टच्या सॉफ्टवेअरचा यूएसबी डोंगल (लायसन्सची किल्ली) लावला आणि चालला. दोनशे पानांच्या अंकाची पीडीएफ काढताना पूर्वी मी चहा ठेवायला उठत असे. आता उठावं लागत नाही.

जोडणी लेकानं केली, तो इंजिनिअरिंगला आहे. पहिल्यांदा चालू केल्यावर काही मिनिटं स्क्रीन काळीच राहिली. माझ्या पोटात गोळा आला. या प्लॅटफॉर्मवर पहिल्या वेळी बोर्ड रॅमची तपासणी आणि जुळवाजुळव करतो, त्याला वेळ लागतो, एवढं दुकानदारानं आधी सांगितलं असतं तर ती पाच मिनिटं सुखात गेली असती. पुढंही रोज चालू व्हायला मिनिटभर लागायचं. बायोस, म्हणजे बोर्डाचं स्वतःचं सॉफ्टवेअर, अपडेट करून ‘मेमरी कॉन्टेक्स्ट रिस्टोअर’ हा पर्याय चालू केल्यावर वीस सेकंदांवर आलं.

आता खरा विषय: वीज.

जुलैच्या शेवटी पावसानं जोर धरला आणि लाईट जायला लागली. माझ्याकडे ६०० व्हीएचा साधा यूपीएस (लाईट गेली की बॅटरीवर थोडा वेळ मशीन चालवणारा डबा) होता, जुन्या टॉवरला वर्षानुवर्षं सांभाळलेला. नव्या मशीनवर मात्र लाईट गेली की यूपीएस ‘टक’ करायचा, एकदा किंचाळायचा आणि सगळं बंद. दर वेळी. एकदा मुद्रितशोधन झालेली चौदा पानं गेली. इनडिझाइननं त्यातली बरीच परत आणली, पण ओळींच्या दुरुस्त्या नाहीत.

यूपीएसची बॅटरी बदलली, ११०० रुपये. फरक शून्य. टेबललॅम्प लावून पाहिला, यूपीएसवर व्यवस्थित चालतो. यूपीएसवाला म्हणाला, तुमचा एसएमपीएस खराब. एसएमपीएसच्या वितरकाचा माणूस फोनवर म्हणाला, यूपीएस खराब. बोर्डवाल्यांनी दोघांकडे बोट दाखवलं. असेंबल्डचा हा खरा तोटा. वॉरंटी भरपूर असते, प्रोसेसरला तीन वर्षं, एसएमपीएसला पाच वर्षं, पण ती सहा कागदांत विखुरलेली. दोन भागांच्या मधला दोष असेल तर तो कोणाचाच नसतो.

शेवटी दुकानदार शेठनी एसएमपीएस काढून पुण्याला पाठवला आणि स्वतःकडचा एक जुना, स्वस्त एसएमपीएस बसवून दिला. ‘वहिनी, काम थांबवू नका, हा लावून बघा.’ आश्चर्य म्हणजे त्या स्वस्त डब्यावर लाईट गेली तरी मशीन चालू! माझी खात्री पटली की ४,३०० रुपयांना मला खराब माल मिळाला. नऊ दिवसांनी तो परत आला, सोबत शेरा: दोष आढळला नाही. बसवला. त्याच संध्याकाळी लाईट गेली आणि मशीन बंद. मी वितरकाच्या माणसाला फोनवर जे बोलले ते इथं लिहीत नाही. पण तो माणूस खरं बोलत होता, हे आज कबूल करते.

कारण समजायला आणखी आठवडा गेला. चांगल्या एसएमपीएसमध्ये ‘अ‍ॅक्टिव्ह पीएफसी’ नावाची सर्किट असते. लाईटच्या लाटेचा चढउतार जसा, तसा तिचा करंट. घरात येणारी लाट गोलसर असते, ५० हर्ट्झची साइन वेव्ह. स्वस्त यूपीएस बॅटरीवर गेला की गोल लाट देत नाही, पायऱ्या-पायऱ्यांची देतो. त्या पायरीवर पीएफसी एकदम झटक्यात करंट ओढते, काही यूपीएसना तो ओव्हरलोड वाटतो आणि ते स्वतःला बंद करून घेतात. जुन्या स्वस्त डब्यात ही सर्किटच नव्हती, म्हणून तो तरला. म्हणजे चांगला भागच वाईट ठरत होता. वॉटचा प्रश्न नव्हताच: ६०० व्हीएचा यूपीएस ३६० वॉट देतो आणि माझं मशीन मीटर लावून मोजलं तर लिहिताना ६० आणि पीडीएफ काढताना १२० वॉटच्या आसपास खातं.

आता उपाय दोन. एक, साइन वेव्हचा यूपीएस घ्यायचा. तो साध्याच्या कितीतरी पट महाग. दुसरा उपाय घरातच होता आणि तो वायरमन मामांनी दाखवला. आमच्याकडे पंखे-दिव्यांसाठी साइन वेव्हचा इन्व्हर्टर आहे, मोठ्या ट्युब्युलर बॅटरीचा. त्याच्यावर एक छोटा स्विच असतो: ‘ईको’ आणि ‘यूपीएस’. बहुतेक घरांत तो ईकोवर असतो. ईकोमध्ये लाईटवरून बॅटरीवर जायला ४० मिलिसेकंदांपर्यंत वेळ लागू शकतो. एसएमपीएस साधारण १६ मिलिसेकंद स्वतःच्या कपॅसिटरवर तग धरतो, म्हणून ईकोवर कॉम्प्युटर बंद पडतो. यूपीएसवर ठेवला की बदल दहा-पंधरा मिलिसेकंदांत होतो. तोटा एवढाच की या स्थितीत व्होल्टेज १८० च्या खाली गेलं की इन्व्हर्टर लगेच बॅटरी घेतो. आमच्या भागात व्होल्टेज बरं असतं, म्हणून चालून गेलं.

इन्व्हर्टरची लाईन कामाच्या खोलीत आणायला मामा आले तेव्हा मी सहज म्हटलं, अनवाणी असताना कॅबिनेटला हात लागला की झिणझिण्या येतात. त्यांनी मल्टीमीटर काढला. कॅबिनेट आणि न्यूट्रल यांच्यात ११० व्होल्ट. ‘वहिनी, ह्या सॉकेटला अर्थिंगची वायरच न्हाई. तिसरं भोक नुसतं शोभेला हाय.’ घर बांधलं १९९१ साली. म्हणजे इतकी वर्षं मी बिनअर्थिंगच्या टेबलावर काम केलं. प्रत्येक एसएमपीएसच्या तोंडाशी एक फिल्टर असतो, अर्थिंग नसेल तर त्यातून सुमारे निम्मं व्होल्टेज कॅबिनेटवर येऊन बसतं. करंट अगदी थोडा, पण अर्थिंग नसलेल्या मशीनमध्ये उद्या खरोखर फेज कॅबिनेटला टेकली, तर वाचवायला काहीच नाही. परसात खड्डा घेतला, पाइप, कोळसा, मीठ, वरून पाणी. तांब्याची वायर खोलीपर्यंत. लाईन आणि अर्थिंग मिळून ३,८०० रुपये. आता न्यूट्रल आणि अर्थमध्ये एक-दीड व्होल्ट दिसतं आणि झिणझिण्या गेल्या.

सप्टेंबरपर्यंत माझं मत असं झालं होतं की असेंबल करून चूक केली. ब्रँडेड असता तर एक फोन केला असता, माणूस घरी आला असता. आज तसं वाटत नाही. माणूस आला असता, पण सॉकेटला अर्थिंग नाही हे बघायला नसता आला. आणि शेठनी अर्ध्या तासात दुसरा डबा लावून माझे नऊ दिवस वाचवले, ते २४ पिनांचा साधा कनेक्टर होता म्हणूनच शक्य झालं. जुन्या टॉवरला ते कधीच शक्य नव्हतं.

रॅमबद्दल एक सांगायचं राहिलं. मी १६-१६ च्या दोनच पट्ट्या घेतल्या आणि पुढं आणखी दोन घालू म्हणत होते. लेकानं अडवलं: या प्रोसेसरला दोन पट्ट्यांवर ५२०० चा वेग अधिकृत आहे, चार भरल्या तर तो ३६०० वर येतो. मग ठरवलं, लागली तर ३२-३२ ची नवी जोडी घेऊ. दिवाळीनंतर बाजारात रॅमचे भाव भडकले. एआयच्या डेटा सेंटरना मेमरी पुरवण्यात कंपन्या गुंतल्या आणि डिसेंबर २०२५ मध्ये मायक्रॉननं तर क्रुशियल हा आपला किरकोळ ग्राहकांचा ब्रँडच बंद करत असल्याचं जाहीर केलं. जी रॅम मी ८,६०० ला घेतली तिच्यासाठी शेठनी फेब्रुवारीत सांगितलेला आकडा ऐकून मी नवी जोडी सोडून दिली. त्यामुळे आत्ता कोणी विचारलं तर उत्तर जूनसारखं सरळ नाही. तयार मशीनचा भाव आणि सुट्या भागांची बेरीज त्याच दिवशी घ्या, महिनाभर जुनी यादी धरून बसू नका.

ज्यांच्या ऑफिसात कॅबिनेट उघडणारं कोणी नाही त्यांनी खुशाल ब्रँडेड घ्यावा. पण पैसे देण्याआधी विक्रेत्याला एकच विचारा: याचा एसएमपीएस बाजारात मिळतो का? कॅबिनेटची बाजू उघडायला लावा आणि बोर्डावर लांब, २४ पिनांचा कनेक्टर आहे का ते स्वतः बघा. असेंबल करणाऱ्यांनी कॅबिनेटसोबत फुकट मिळणारा एसएमपीएस परत करावा आणि पहिला खर्च वायरमनवर करावा.

दोन्ही अंक वेळेत छापून गेले. सप्टेंबरनंतर लाईट किती वेळा गेली ते मोजलेलं नाही, कारण आता कळतच नाही. वरचा पंखा किंचित घुमतो तेवढंच. महिन्याच्या एक तारखेला बॅटरीचं पाणी बघते.

जुना टॉवर अजून कपाटात आहे. त्यात सातव्या पिढीचा आय५ आहे, त्यामुळे विंडोज ११ त्याला अधिकृतपणे चालत नाही आणि विंडोज १० चे नेहमीचे अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबले. पण लिनक्स घालून शेजारच्या मुलीला अभ्यासाला देता येईल. लागतो फक्त तो एक डबा. भंगारवाल्यांकडे, जुन्या बाजारात मी अजून विचारते.