डिझेल वाचवणारं चुंबक आणि माझ्या शब्दावर गेलेले एक लाख दोन हजार

ट्रॅक्टरला बसवायचं चुंबक घेऊन कुणी तुमच्या साखर कारखान्याच्या अड्ड्यावर आलं, तर पैसे काढण्याआधी हे वाचा. माझे ८,५०० गेले, ते एक वेळ सोडून दिले असते. पण माझ्या शब्दावर गावातल्या आणखी अकरा जणांनी तेवढेच घातले, आणि त्यातल्या एकाचा ट्रॅक्टर भरल्या दोन ट्रॉल्यांसकट रात्री चढावर बंद पडला. म्हणून सगळं आकड्यांसकट लिहितोय.

मी वाळवा तालुक्यातला. पन्नास एचपीचा ट्रॅक्टर, दोन ट्रॉल्या, आणि कारखान्याशी ऊस वाहतुकीचा करार. फडापासून कारखाना चोवीस किलोमीटर, एका खेपेला अठरा टनांच्या आसपास ऊस. वाहतुकीचे पैसे टनावर आणि अंतरावर मिळतात, डिझेल आपलं. २०२५ च्या सुरवातीला ते लिटर नव्वदच्या घरात होतं. त्यामुळे खेपेला किती डिझेल जळालं यावरच हंगाम तरतो किंवा बुडतो. ऊसतोडीच्या टोळीला आगाऊ दिलेली उचल फिटायची ती पुढची गोष्ट.

जानेवारी २०२५. कारखान्यात ऊस टाकतात त्या गव्हाणीपुढे नंबर लावून उभे होतो, पुढे चाळीसेक गाड्या. तेव्हा एक पांढरी पिकअप आली. बॅनर लावलेला, दोन पोरं एकसारख्या टी-शर्टात, आणि एक चाळिशीचा गोड बोलणारा माणूस. त्याच्या हातात वीतभर लांबीचं पितळी नळकांडं होतं. डिझेलचा पाइप कापून ते फिल्टरच्या अलीकडे बसवायचं. तो म्हणाला, "मालक, डिझेलचे रेणू गुच्छ करून बसलेले असतात. चुंबकातनं गेले की सुटे होतात आणि पूर्ण जळतात. तीस टक्के बचत, लिहून देतो. आणि आधी पैसे मागतच नाही. तुमच्याच गाडीवर, तुमच्याच डोळ्यांदेखत मोजून दाखवतो."

"आधी पैसे मागत नाही" या वाक्यावर मी गेलो.

मोजणी कशी झाली ते नीट सांगतो, कारण सगळी मेख तिथेच आहे. पहिल्या दिवशी पंपावर टाकी फुल केली. बंदूक आपोआप बंद झाली तिथे थांबलो. खेप करून आलो. दुसऱ्या दिवशी त्यानं नळकांडं बसवलं आणि पुन्हा टाकी भरायला लावली. या वेळी तो स्वतः टाकीपाशी उभा. "फेस आहे, बसू द्या. अजून जातंय. हलवा जरा." ट्रॅक्टरही पंपाच्या कडेला, पुढची चाकं उंचवट्यावर घेऊन उभा करायला लावला होता. मीटरवर १९.५ लिटर. "बघा मालक, ही तुमची जुनी खेप." मी ते वहीत लिहिलं. मग चुंबकासकट खेप केली, परत आलो, तिसऱ्यांदा टाकी भरली. या वेळी बंदूक बंद पडली तिथेच त्यानं "झालं, फुल" म्हटलं. मीटरवर १३.५ लिटर. खेपेमागे सहा लिटर वाचले. हंगामात १२० खेपा धरल्या तर ७२० लिटर, म्हणजे साठ हजारांच्या वर. हा गुणाकार त्यानं माझ्याच वहीत, माझ्याच पेनानं केला.

घोटाळा मधल्या भरण्यात होता. त्या दिवशी फेस बसवून, टाकी तिरकी करून दोनेक लिटर जास्त कोंबले होते. ते दोन लिटर पहिल्या खेपेच्या नावावर चढले, आणि तेच दोन लिटर दुसऱ्या खेपेच्या खर्चातून वजा झाले. म्हणजे दोनाचे चार लिटर दिसले. टाकी भरून मोजताना मधली एक टाकी ज्याच्या हातात, त्याच्या हातात दोन्ही आकडे.

राहिले दोन लिटर. नळकांडं बसवताना त्याच्या पोरांनी "फ्री सर्व्हिस" म्हणून एअर क्लिनरचं वाटगं काढून धुतलं, त्यात नवं ऑइल घातलं, ट्रॉल्यांच्या टायरांत हवा भरली आणि डिझेल फिल्टर बदलला. पाचटाच्या धुळीनं ते वाटगं चिखलानं भरलेलं होतं, तो माझाच आळस. आणि दुसऱ्या खेपेला ऊसही कमी होता. काट्याच्या पावत्या माझ्या खिशात होत्या. पहिली १९.२ टन, दुसरी १६.८ टन. त्या दिवशी मी त्या शेजारी शेजारी ठेवून बघितल्या असत्या तर पुढचं काही घडलं नसतं. सायलेन्सरचा काळा धूर कमी झालेलाही त्यानं दाखवला होता. तो धूर एअर क्लिनर धुतल्यानं कमी झाला. इंजिनला हवा कमी पडली की धूर काळा होतो, हे आम्हा सगळ्यांना ठाऊक आहे. पण समोर चुंबक होतं आणि डोक्यात साठ हजार.

मी पैसे दिले आणि अड्ड्यावर मोठ्यानं सांगितलं की फरक आहे. मी वहीत हिशोब ठेवणारा माणूस म्हणून लोक माझं ऐकतात. दोन दिवसांत गावातल्या अकरा जणांनी घेतलं. सगळे पैसे यूपीआयनं एका माणसाच्या वैयक्तिक खात्यावर गेले.

हमीपत्र मिळालं होतं. "तीन महिन्यांत बचत न झाल्यास पैसे परत." खाली बारीक अक्षरात, अधिकृत मेकॅनिकचा अहवाल जोडणे आवश्यक. हा अधिकृत मेकॅनिक त्यांचाच, आणि त्याचा नंबर कधी लागला नाही. पहिल्या पंधरवड्यात दोघांनी फोन केला की फरक दिसत नाही. उत्तर आलं, "इंजिनात जुना कार्बन साठलाय, तो सुटायला हजार किलोमीटर लागतात." आणखी महिन्यानं विचारलं तर, "तुमच्या पंपाचं डिझेल भेसळीचं असंल." मार्च आला, कारखान्याचा पट्टा पडला म्हणजे हंगाम संपला, आणि तीन महिने असेच सरले.

फेब्रुवारीच्या शेवटी माझ्या चुलतभावाचा फोन आला, रात्री पावणेदोनला. पाइप कापून जोडला होता तिथला क्लिप हादऱ्यांनी सैल झाला आणि लाइननं एअर धरली, म्हणजे डिझेलच्या पाइपात हवा शिरली. चढावर, मागे दोन भरल्या ट्रॉल्या असताना, इंजिन बंद. स्टिअरिंग जड झालं. त्यानं ब्रेकवर दोन्ही पाय रोवले आणि बरोबरच्या पोरानं उतरून चाकाला दगड लावले. मी मोटरसायकलवरून पोचलो तेव्हा त्याचे पाय थरथरत होते, तरी त्यानं ब्रेक सोडला नव्हता. मागे उताराला वस्ती होती. मी तिथेच टॉर्चच्या उजेडात ते नळकांडं काढलं आणि सरळ पाइप जोडला. त्या रात्री मी त्याला काही बोललो नाही आणि त्यानं मला काही विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी मिस्त्रीकडे ते नळकांडं करवतीनं कापलं. आत जुन्या स्पीकरच्या मागं असतात तसली काळी चुंबकं, दोन. बस्स.

तरी मला खात्री करायची होती. मिस्त्रीनं कापलेल्या नळकांड्यातली चुंबकं काढून टाकली आणि ते पुन्हा जोडून रंगवलं. एक रिकामं, एक माझं चुंबकाचं, बाहेरून दोन्ही सारखी. बारा खेपा केल्या, सहा याच्यावर, सहा त्याच्यावर. कोणत्या दिवशी कोणतं, ते मला आणि मिस्त्रीलाच ठाऊक. ड्रायव्हरला सांगितलं नाही, कारण चुंबक आहे असं वाटलं की माणूस गाडी हळू मारतो आणि बचत तिथनंच होते. क्लिप रोज तपासत होतो. टाकी कायम घरासमोरच्या फरशीवर, एकाच जागी उभं करून, वीस लिटरच्या मापाच्या कॅननं, गळ्यावर केलेल्या खुणेपर्यंत भरायची. काट्याची पावती वहीला चिकटवायची. चुंबकावर सरासरी १६.१ लिटर, रिकाम्या नळकांड्यावर १६ लिटर. टन सारखेच. एवढा फरक तर फाट्यावरच्या गर्दीनंसुद्धा पडतो.

माझा भाचा इंजिनीअरिंगला आहे. त्यानं समजावलं ते माझ्या भाषेत सांगतो. डिझेलला चुंबक धरत नाही आणि त्यात सोडवायला गुच्छही नसतात. डिझेल बारीक करायचं काम नोजल करतो, प्रचंड दाबानं फवारून. धड असलेल्या डिझेल इंजिनात अठ्ठ्याण्णव टक्क्यांच्या वर डिझेल आधीच जळतं. न जळलेलंच जर एक-दोन टक्के असेल तर "पूर्ण जाळून" तीस टक्के वाचणार कुठून? वाया जाते ती उष्णता, सायलेन्सरमधून आणि रेडिएटरमधून. पाइपवर काहीही बसवलं तरी ती परत येत नाही. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेनं, म्हणजे ईपीएनं, अशी शंभराहून जास्त इंधनबचतीची यंत्रं तपासली आणि लक्षणीय बचत करणारं एकही सापडलं नाही. हा धंदा जुना आहे, आमच्या अड्ड्यावर तो उशिरा पोचला एवढंच.

कागदांचंही सांगतो, कारण अकरातले चौघे तेच बघून भुलले. आयएसओ ९००१ चं प्रमाणपत्र दाखवलं होतं. ते कंपनीच्या कामकाजाच्या पद्धतीला मिळतं, वस्तू काम करते का याच्याशी त्याचा संबंध नाही. पेटंट म्हणून दाखवला तो अर्जाचा नंबर होता. अर्ज कुणीही करू शकतो. प्रयोगशाळेचा अहवाल खरा होता, पण त्यात चुंबकाची ताकद किती गॉस एवढंच मोजलेलं. डिझेलचा शब्दही नाही. ट्रॅक्टरचं इंजिन किती डिझेल खातं याची सरकारी चाचणी मध्य प्रदेशात बुदनीच्या संस्थेत होते आणि तिच्या अहवालात दर किलोवॅट-तासाला किती ग्रॅम डिझेल गेलं ते छापलेलं असतं. बचत सांगणाऱ्याकडे त्या जातीचा आकडा मागा, गॉसचा नको.

मे महिन्यात एकाचा डिझेल पंप गेला. ट्रॅक्टर वॉरंटीत होता. शोरूमवाल्यानं कापलेला पाइप बघितला आणि क्लेम नाकारला. त्यांचं चुकलं असं मला म्हणता येत नाही. त्या दुरुस्तीचा खर्च चुंबकाच्या किमतीच्या दुपटीहून जास्त झाला.

तक्रारीचं. आधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद केली. विक्रेत्याकडून उत्तर आलं नाही. पावतीवरच्या पत्त्यावर जाऊन आलो, तिथं मोबाईल रिपेअरिंगचं दुकान आहे आणि त्या दुकानदाराला यातलं काही माहीत नाही. मग जिल्हा ग्राहक आयोगाकडे बारा जणांनी बारा तक्रारी केल्या. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी लागत नाही आणि घटनेपासून दोन वर्षांत तक्रार करता येते. मध्यंतरी विक्रेत्याचा माणूस एकदाच फोनवर सापडला, तेव्हा त्यानं आम्हाला घाबरवलं होतं. "तुम्ही धंद्यासाठी घेतलंय, तुम्ही ग्राहकच नाही." हे ऐकून दोघे मागे हटायला निघाले होते. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात स्पष्ट आहे की स्वतःच्या पोटापाण्यासाठी, स्वयंरोजगार म्हणून वापरायला घेतलेली वस्तू व्यापारी वापरात धरत नाहीत. एका ट्रॅक्टरवर घर चालवणारा वाहतूकदार ग्राहक आहे. हे वाक्य त्या दोघांना वाचून दाखवलं तेव्हा ते मागे हटले नाहीत.

आता डिझेल खरंच कशानं कमी झालं ते. साडेसतरावरनं (१९.५ मधनं कोंबलेले दोन काढले की उरतात ते) सोळावर मी चुंबकाशिवाय आलोच होतो, नुसत्या एअर क्लिनरनं आणि टायरांतल्या हवेनं. आता हंगामात दर आठवड्याला वाटगं धुतो, धूळ जास्त असली तर चार दिवसांनी. पण सगळ्यात मोठा फरक ट्रॉलीत सापडला, इंजिनात नाही. मागच्या ट्रॉलीचं डावं चाक खेपेनंतर हाताला चटका देत होतं. हब, म्हणजे चाकाचा मधला तुंबा, उघडला तर बेअरिंग कोरडं पडून घासत होतं. म्हणजे अख्खा हंगाम मी एक अर्धवट जाम झालेलं चाक ओढत होतो आणि डिझेलला शिव्या देत होतो. खेप करून आल्यावर सगळ्या हबांना हात लावून बघा, एक जरी बाकीच्यांपेक्षा जास्त तापलेला असला तरी उघडा. दुसरं बॅटरीचं. ती कमजोर म्हणून ड्रायव्हर गव्हाणीपुढे तास-तास इंजिन चालूच ठेवायचा. तासाला लिटरच्या आसपास तिथंच जात होतं. नवी बॅटरी घेतली, तेव्हापासून नंबरात इंजिन बंद असतं. नोजल पंपवाल्याकडनं तपासून घेतले. सपाट रस्त्याला वरचा गिअर आणि कमी रेस, एवढं ड्रायव्हरला पटवायला मात्र महिना गेला. आता खेप १४.५ ते १५ लिटरात होते. तीस टक्के नाही. तेवढं होतही नाही, पंचवीस टन वजन ओढायला जेवढी ताकद लागते तेवढी लागतेच.

मापाचा कॅन आणि वही माझ्या दारात ठेवली आहे. गावातल्या कुणाला कुठलंही यंत्र, कुठलीही पावडर, कुठलंही औषध ट्रॅक्टरला लावून बघायचं असेल तर कॅन घेऊन जा, मोजायला मी येतो.

तक्रारींची तारीख लागली आहे. कापलेलं नळकांडं, यूपीआयचे व्यवहार, हमीपत्रं आणि वहीची झेरॉक्स जोडली आहे. चुलतभावाचे ८,५०० मी माझ्याकडचे दिले. तो घेईना, म्हणून वहिनींच्या हातात ठेवले.