प्लॅस्टिक पिशव्यांवरच्या बंदीनंतर कोणती पिशवी घ्यावी: कापडी, नॉन-वोव्हन, तागाची की कागदी?

पिशवी कशाची आहे हे पाहण्याआधी ती किती वेळा पुन्हा बाजारात जाणार आहे याचा अंदाज घ्या. ब्रिटनच्या सरकारी पर्यावरण संस्थेने २०११ मध्ये काढलेला हिशेब असा: हवामानावरचा परिणाम एका पातळ प्लॅस्टिक पिशवीइतका खाली आणायचा, तर कागदी पिशवी किमान ३ वेळा, नॉन-वोव्हन ११ वेळा आणि सुती पिशवी १३१ वेळा वापरावी लागते. आठवड्यातून एकदा बाजार करणाऱ्याला १३१ फेऱ्यांना अडीच वर्षं लागतात. म्हणून प्रत्येक समारंभात वाटल्या जाणाऱ्या आणि कपाटात साचणाऱ्या कापडी पिशव्या हा शुद्ध तोटा आहे. घरात दोन-तीन पुरतात.

सर्वांत जास्त फसगत नॉन-वोव्हनमध्ये होते. दिसते कापडासारखी, पण असते पॉलिप्रॉपिलीन, म्हणजे प्लॅस्टिकच. उजेडासमोर धरा: उभे-आडवे धागे दिसत नाहीत, ठरावीक अंतरावर दाबलेले बारीक ठिपके दिसतात. तिथे तंतू उष्णतेने चिकटवलेले असतात. कोपऱ्याचा तुकडा जाळला तर सुताची राख होते, हिचा वितळून मणी होतो. वजनाला हलकी, ओली झाली तरी लगेच वाळते, हे तिचे गुण. पण उन्हात टांगून ठेवली की काही महिन्यांत भुगा होऊ लागतो आणि ते कण मातीत मिसळतात. घ्यायचीच असेल तर ८० जीएसएमच्या (एका चौरस मीटर कापडाचे ग्रॅममधले वजन) वरची, शिवलेली घ्या. हातात धरायचे बंद नुसते उष्णतेने चिकटवले असतील, तर जड सामान भरल्यावर आधी ते जोडच सुटतात. भारतात ६० जीएसएमपेक्षा हलक्या नॉन-वोव्हन पिशव्यांना सप्टेंबर २०२१ पासून मनाई आहे, हेही लक्षात असू द्या.

सुती पिशवीत १४० ते १५० जीएसएमचा मांजरपाट रोजच्या पाच-सहा किलोंना पुरतो. त्याहून जड वजनाला कॅनव्हास हवा. कापडापेक्षा शिलाई आधी तपासा. बंद जिथे जोडला आहे तिथे चौकोन आणि त्यात फुली अशी टीप हवी. एकेरी टीप असेल तर तिथूनच उसवते. बंद पिशवीच्या तळाखालून फिरवून आणलेला असेल तर उत्तमच, कारण भार कापडावर न येता पट्ट्यावर येतो. पहिल्या धुण्यात कापड आटते, म्हणून माप थोडे मोठे घ्या. पाणी सुटणाऱ्या मांस-मासळीसाठी वेगळी पिशवी ठेवा आणि ती दर वेळी धुवा.

ताग ताकदीचा आणि तळाशी ताठ, उभा राहणारा. पण तो ओला राहिला की बुरशी धरतो, आणि आतून प्लॅस्टिकचा थर दिलेला असेल तर तो ना कुजतो, ना पुनर्वापराला जातो. कागदी पिशवी कोरड्या, हलक्या आणि एकाच फेरीच्या सामानाला ठीक. ओलाव्याने तळाचा चिकटवलेला जोड उकलतो. ‘कंपोस्टेबल’ पिशवी घरच्या खतखड्यात सहसा कुजत नाही. औद्योगिक कंपोस्टिंगच्या युरोपीय मानकात तिची चाचणीच सुमारे ५८ अंश सेल्सिअसला घेतात, आणि तेवढी ऊब घरच्या ढिगात टिकत नाही.

‘जाड आहे म्हणजे पुन्हा वापरतील’ या समजावर नियम बेतले तर काय होते, ते कॅलिफोर्नियात दिसले. २०१४ च्या कायद्याने पातळ पिशव्या बंद केल्या. जाड प्लॅस्टिक चालू ठेवले, पण पिशवीने १२५ वेळा सुमारे १० किलो वजन ५३ मीटर वाहून न्यायला हवे, अशी अट घातली. अट पिशवी पुरी करू शकते; माणूस ती १२५ वेळा घरून आणतो का, हा प्रश्न तसाच राहिला. लोकांनी त्याही एकदाच वापरून फेकल्या. शेवटी २०२४ मध्ये नवा कायदा करून २०२६ पासून त्या पिशव्याही बंद करण्याचे ठरले.