अठ्ठावीसचे सत्तावीस: माझा मास्टर पीस कसा गेला

आधी आकडा सांगून टाकतो. माझ्या खिशातून गेले ५,६०० रुपये. हे ऐकल्यावर आमच्या घरातसुद्धा सगळ्यांनी सुटकेचा नि:श्वास टाकला, 'हात्तिच्या, एवढंच ना' म्हणून. माझं दुखणं वेगळं आहे. आठ महिने रात्री जेवणानंतर दिव्याखाली बसून कानशीनं घडवलेला पितळेचा मास्टर पीस, म्हणजे ज्यावरून साचा करून पुढच्या प्रती ओततात तो मूळ नमुना, गेला, आणि तो कसा गेला हे आता मला नीट माहीत आहे. रेल्वेची मॉडेलं करणाऱ्या आणि त्यासाठी बाहेर कास्टिंग करून घेणाऱ्या प्रत्येकानं हे वाचावं, म्हणून लिहितो आहे.

मी चौतीस वर्षं टूलरूममध्ये काढली. पुण्यात घोरपडीच्या रेल्वे शेडच्या बाजूनं सायकलवरून जाताना अल्को या अमेरिकी कंपनीच्या डिझेल इंजिनांचा काळा धूर आणि तो धापा टाकल्यासारखा आवाज डोक्यात बसला तो बसलाच. डब्ल्यूडीएम-२ हे त्या इंजिनाचं कागदावरचं नाव. १९६२ मध्ये अमेरिकेहून आलं, दोनेक वर्षांत वाराणसीला बनायला लागलं आणि पुढे साऱ्या देशभर पसरलं. निवृत्तीनंतर तेच १:८७ मापात करायला घेतलं. (आपली ब्रॉड गेज, म्हणजे दोन रुळांमधलं अंतर, १,६७६ मिलिमीटर, म्हणजे या मापात १९.२६ भरते. रूळ मात्र बाजारात मिळतात ते १६.५ चे. त्यावर आम्ही सगळेच डोळेझाक करतो. ते भांडण इथे नको.)

इंजिनाचा सांगाडा पत्र्याचा किंवा प्लॅस्टिकचा करता येतो. जीव येतो तो बारक्या भागांनी: हॉर्न, हेडलाइट, बफर, होज पाइप, कठड्याचे खांब आणि काउकॅचर, म्हणजे रुळावरचा अडथळा बाजूला सारणारी समोरची कांब्यांची जाळी. यातले जाड भाग मी घरीच ओततो. सिलिकॉनचा साचा करायचा, आत बोटानं टाल्कम पावडर फिरवायची म्हणजे धातू कोपऱ्यापर्यंत पळतो, आणि कथलाचा पांढरा मिश्रधातू ओतायचा. कथील २३२ अंशाला वितळतं, त्यामुळे स्वयंपाकघरातल्या शेगडीवरही भागतं, फक्त घरातल्यांची परवानगी हवी. पण काउकॅचरच्या कांब्या अर्ध्या मिलिमीटरच्या. पांढऱ्या धातूत केल्या तर इंजिन एकदा रुळावरून घसरलं की दोन कांब्या गेल्याच. तिथे पितळच पाहिजे, आणि पितळ ओतायचं म्हणजे दागिन्यांच्या कास्टिंगवाल्याकडे जाणं आलं.

भाच्याच्या ओळखीच्या सोनारानं मुंबईतला एक नंबर दिला. झवेरी बाजाराच्या मागच्या बाजूला, तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्या. मालक पस्तिशीचा, बोलायला लाघवी. मी गेलो तेव्हा त्यानं सगळं फिरून दाखवलं. मास्टर रबराच्या थरांत दाबून व्हल्कनायझर नावाच्या यंत्रात दीडशे अंशांच्या आसपास शिजवतात. मग ब्लेडनं रबर नागमोडी कापून डायचे, म्हणजे त्या रबरी साच्याचे, दोन भाग करतात, त्यात गरम मेण भरतात. मेणाचे नग एका दांड्याला चिकटवले की त्याचं झाड होतं. ते झाड प्लॅस्टरमध्ये बुडवून रात्रभर सातशे अंशांवर भाजायचं, मेण जळून जातं, आणि त्या पोकळीत पितळ. एका झाडाला शंभर अंगठ्या लटकलेल्या होत्या. मी लहान मुलासारखा बघत बसलो. तो म्हणाला, "काका, तुमच्यासारखं काम आजकाल कोण करतं? अंगठ्या करून करून आम्ही कंटाळलो." मी विरघळलो, खोटं कशाला बोलू.

पहिला लॉट वीस संचांचा. काम फक्कड आलं. एकच गोष्ट खटकली होती: बिल ग्रॅमवर, आणि त्यात ३१० ग्रॅम लावलेले. घरच्या काट्यावर माल भरला २३५. विचारलं तर म्हणाला, "झाडाचं खोड धरून आहे, काका." खोड परत त्याच्याच मुशीत जातं, त्याचे पैसे मी का द्यायचे? पण काम चांगलं आलंय तर कशाला घासाघीस, म्हणून सोडून दिलं. आज मी सांगेन, तिथेच थांबायला हवं होतं. पंच्याहत्तर ग्रॅमसाठी नव्हे. 'काका बोलत नाहीत' हे त्याला त्या दिवशी कळलं, म्हणून.

मास्टर आणि रबर डाय परत मागितले. डायचे पैसे मी वेगळे दिले होते. "पुढचा लॉट आहेच ना, कशाला नेता-आणता? रबर इथे नीट राहतं." राहिलं. पावती नाही, फोटो नाही, वजनाची नोंद नाही. टूलरूममध्ये साधा ड्रिल बिट घ्यायचा तर आम्ही पोऱ्याची सही घ्यायचो.

दुसऱ्या लॉटसाठी ओळखीच्या मंडळींकडून मागणी गोळा केली: ४५ संच, प्रत्येकी ९०० रुपये. जमलेल्या ४०,५०० मधून २८,००० त्याला आगाऊ पाठवले. इथून पुढची गोष्ट तुमच्या ओळखीची असेल. आधी दिवाळीची गर्दी, मग लग्नसराई, मग कारागीर गावाला गेला तो आलाच नाही. पाच महिन्यांनी चौदा संच आले. आणि त्यानंतर एके सकाळी फोन: "काका, वाईट बातमी आहे. जुनी डाय फाटली, म्हणून नवी करायला घेतली, तर व्हल्कनायझरमध्ये तुमचं सोल्डर सुटलं. पीस विस्कटला." मागोमाग मोबाइलवर फोटो. वेड्यावाकड्या झालेल्या पितळी कांब्या.

आता मास्टरच्या कांब्या जोडायला मी काय वापरलं होतं? साठ-चाळीसचं, म्हणजे साठ भाग कथील आणि चाळीस भाग शिशाचं सोल्डर. ते १८३ अंशांच्या खाली हलत नाही. रबर शिजतं दीडशेला. हे मला पाठ आहे, झोपेतून उठवून विचारा. तरी मी काय केलं? त्याचा थर्मोस्टॅट बिघडला असेल, अशी सबब त्याच्या वतीनं मीच शोधून दिली. "तुकडे तरी पाठवा" म्हणालो तर ते "पोऱ्यानं कचऱ्यात टाकले". खूप मागे लागल्यावर ८,००० परत केले, आणि मग फोन घेणं बंद.

ज्यांनी आधी पैसे भरले होते त्यांना चौदा संच दिले. पहिल्या लॉटमधले स्वत:साठी ठेवलेले दोनही देऊन टाकले. उरलेल्या २९ जणांचे २६,१०० रुपये परत केले. हाताशी होते २०,५००. वरचे ५,६०० ते हे.

एवढ्यावर थांबलं असतं तर मी हे लिहिलं नसतं. सात-आठ महिन्यांनी नागपूरच्या एका मित्राचं पाकीट आलं. आत छापील लेबल लावलेली प्लॅस्टिकची पिशवी, 'अल्को डिटेल किट', पितळी, भाव १,४५०. सोबत चिठ्ठी: 'तुमच्यासारखंच दिसतंय, बघा.' विकणारा वेगळाच कुणीतरी होता आणि 'आमचं स्वत:चं डिझाइन' असं पिशवीवर ठसवलेलं होतं.

काउकॅचर उलटा केला आणि भिंगाखाली धरला. डावीकडून तिसऱ्या कांबीच्या मागच्या अंगाला आडवा ओरखडा. एका रात्री दिवे गेले तेव्हा माझ्या हातून कानस निसटली होती, तिचा. मागची बाजू म्हणून मी तो घासून काढला नव्हता आणि कुणाला बोललोही नव्हतो.

पण ओरखड्यावरून एवढंच ठरतं की वस्तू मुळात माझी. कुणी माझा विकलेला संच घेऊन त्यावरून डाय केली असती तरी ओरखडा आलाच असता. म्हणून बारीक मापं घ्यायचा व्हर्नियर काढला. ज्यांना बाहेर काम द्यायचंय त्यांनी हा भाग सावकाश वाचा. रबर थंड होताना आकसतं, मेण आकसतं, पितळ आकसतं. माझ्या अनुभवात तिन्ही मिळून साडेतीन टक्क्यांच्या आसपास. मला २७ मिलिमीटरचा काउकॅचर हवा होता, म्हणून मास्टर २८ चा केला होता. माझे संच निघाले २७ चे. त्यातल्या एखाद्या संचावरून कुणी नक्कल काढली तर ती पुन्हा तेवढीच आकसणार आणि २६ च्या आसपास येणार. पिशवीतला नग भरला २६.९८. दुसरा २७.०३. म्हणजे तो संचावरून निघालेला नव्हता, मास्टरवरून निघाला होता. विस्कटून कचऱ्यात गेलेल्या मास्टरवरून.

मुंबईला गेलो. तिसरा मजला चढलो. मालक तसाच हसतमुख, चहा मागवला. पिशवी समोर ठेवली तर म्हणाला, "काका, तुम्ही एवढ्या लोकांना विकलंत, कुणीतरी कॉपी मारली असेल." मी २६ आणि २७ चा हिशेब मांडला. रागाच्या भरात अरे-तुरेवर आलो होतो. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, "एका मिलिमीटरवरून तुम्ही मला चोर ठरवता?" शेजारी मेण भरणारा पोरगा मान खाली घालून काम करत होता, त्याचे कान मात्र लाल झाले होते. त्याला माहीत होतं. त्या खोलीतल्या प्रत्येकाला एक मिलिमीटर म्हणजे काय ते माहीत होतं, अंगठीचं माप चुकलं तर सोनार यांच्या डोक्यावर मारतो.

पोलिसांत गेलो. हवालदार भला माणूस होता, खुर्ची दिली. "इंजिन चोरीला गेलं का काका?" "नाही, काउकॅचर." नंतर बराच वेळ कुणी काही बोललं नाही. कुठलीही पावती नसल्यामुळे ते प्रकरण तिथेच 'दिवाणी बाब' झालं.

वकिलाकडचा अर्धा तास त्याहून शिकवणारा. डिझाइन कायदा २००० खाली नोंदणी करायची तर ती वस्तू बाजारात आणायच्या आधी करावी लागते, आणि मुळात काउकॅचरचा आकार रेल्वेचा, त्यात 'माझं नवीन' काय, हा प्रश्न वेगळाच. मी म्हटलं, मग कॉपीराइट? त्यांनी चष्मा पुसत विचारलं, "आजवर किती नग काढलेत?" नोंदणी होण्याजोग्या डिझाइनची नोंदणी केली नाही आणि कारखानदारी पद्धतीनं पन्नासपेक्षा जास्त प्रती काढल्या, की कॉपीराइट संपतो म्हणे. पहिले वीस संच, प्रत्येकात पुढचा-मागचा मिळून दोन काउकॅचर, चाळीस. नंतरचे चौदा, म्हणजे अठ्ठावीस. एकूण अडुसष्ट. मर्यादा मीच ओलांडून बसलो होतो, आणि तीही पैसे भरून.

आता मी काय करतो ते सांगतो. मूळ नग २८ चा न करता २९ चा करतो. त्याचं एकच कास्टिंग काढतो, ते येतं २८ चं. तेच घासून-पुसून मास्टर म्हणून बाहेर जातं आणि मूळ नग कपाटात राहतो. एक जादा टप्पा पडतो, कडा किंचित मऊ होतात, पुन्हा कोरून घ्याव्या लागतात. चालतं. नग देताना तराजूवर ठेवून फोटो काढतो, समोरच्याचा हात फोटोत येईल असा, आणि कागदावर लिहून घेतो की डाय माझी, कामानंतर परत. यावर एकानं सरळ काम नाकारलं. त्याचे आभारच मानले. दुसऱ्या एका बाईंनी, ठाण्याला त्यांचं छोटं युनिट आहे, न विचारता डाय पिशवीत घालून दिली आणि वर म्हणाल्या, "भाऊ, उन्हात ठेवू नका."

तरुण मंडळी मला हसतात. आम्ही संगणकावर करतो, मेणासारख्या रेझिनमध्ये प्रिंट काढतो, मास्टरची कटकटच नाही, म्हणतात. बाळांनो, तुम्ही त्याला फाइल पाठवता. फाइल आकसत नाही. माझ्याकडे निदान २६ आणि २७ होते, तुमच्याकडे तेही नसणार. प्रिंट घरी काढा आणि नगच पाठवा. मागच्या बाजूला, जिथे कुणी बघत नाही, तिथे मुद्दाम काहीतरी चुकवून ठेवा.

पिशवी विकणाऱ्यालाही मी लिहिलं होतं. त्याचं उत्तर सभ्य होतं: त्यानं माल 'घाऊक भावात तयार' घेतला, डिझाइन कुणाचं ते त्याला सांगितलेलं नाही. खरंही असेल. पिशवीवरची ओळ त्यानं अजून बदललेली नाही.

माझं स्वत:चं अल्को यंदा गणपतीच्या आधी पुरं झालं. माझ्या मास्टरचा एकही नग माझ्याकडे उरलेला नव्हता आणि नवीन काउकॅचर कोरायला घ्यायचं तेव्हा मनच होत नव्हतं. शेवटी नागपूरच्या पिशवीतले दोन बसवले. फिट बसले, बसणारच. ओरखडा आतल्या बाजूला गेला.